व्याख्या पाठ आहेत, पण…

अगं, इंटरनॅशनल बिझनेसमध्ये मार्क चांगले पडले, याचा मला आनंदच आहे. पण काल फोनवर तू म्हणालीस ना, ‘ताई, सगळं पाठ आहे, पण कुणी खोदून विचारलं की ततपप होतं,’ ते मनातून जाईना. तुझी हुशारी कमी नाही गं. बीबीएला हा विषय व्याख्यांतून शिकवतात, आणि तो कळतो मात्र हिशेबातून, कागदपत्रांतून.

निर्यातीच्या करारातली सीआयएफ ही अटच घे. भाडं आणि विमा विकणाऱ्यानं भरायचा, एवढं सगळ्यांना येतं. आता नाशिकची द्राक्षं न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला निघाली आणि भर समुद्रात कंटेनरचं कूलिंग बंद पडलं, तर जोखीम कुणाची? पैसे विकणाऱ्यानं भरलेत म्हणून बहुतेक जणी त्याचंच नाव घेतील. पण माल न्हावा शेव्याला जहाजावर चढला, तेव्हाच जोखीम खरेदीदाराकडे गेली. खर्च मात्र विकणाऱ्याचा, थेट रॉटरडॅमपर्यंत. खर्च कुठे संपतो आणि जोखीम कुठे बदलते, हे दोन प्रश्न वेगळे विचारायची सवय लाव. इन्कोटर्म्सच्या, म्हणजे अशा व्यापारी अटींच्या, अकराही संज्ञा उलगडतील. (कंटेनरच्या मालाला खरं तर सीआयपी ही दुसरी अट सुचवतात, पण बाजारात सीआयएफ सर्रास चालतं.)

रिकार्डोच्या तुलनात्मक लाभाच्या सिद्धांतासाठी तर वहीच काढ. 1817 सालचं त्याचं उदाहरण: ठरावीक कापडाला इंग्लंडमध्ये 100 माणसांचं वर्षभराचं काम, वाइनला 120, पोर्तुगालमध्ये 90 आणि 80. पोर्तुगाल दोन्हींत सरस, मग त्यानं इंग्लंडचं कापड का घ्यावं? भागाकार कर. वाइनच्या एका मापासाठी पोर्तुगालला कापडाचं 0.89 माप सोडावं लागतं, इंग्लंडला 1.2. म्हणून पोर्तुगालनं वाइनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं. ‘जो स्वस्तात बनवतो तो विकतो’ हे पाठ केलेलं उत्तर इथे कोलमडतं, बघ.

आणि राजकीय जोखीम म्हणजे परदेशातलं बंड, असं पुस्तक वाचून वाटतं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, ती मे 2024 मध्ये उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान दर आणि 40 टक्के शुल्क लावून. लासलगावच्या निर्यातदाराला ही जोखीम आपल्याच सरकारकडून आली.

रविवारी ये. बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचा, एक नमुना काढून ठेवते, एकेक रकाना तू मला समजावून सांग.