साहसवीर व्हायचंय? आधीची बारा वर्षं पाहा

‘मला बेअर ग्रिल्ससारखं काहीतरी करायचंय,’ असं मुलाने किंवा मुलीने जाहीर केलं की घरात दोन गोष्टी घडतात. कुणी हसण्यावारी नेतं, कुणी धास्तावून विषयच बंद करतं. मुलाच्या मनातलं मात्र जात नाही. ते मोबाइलवर व्हिडिओ बघत राहतं आणि आईवडिलांशी बोलणं टाळतं. त्यापेक्षा या माणसाचं आयुष्य दोघांनी मिळून, पहिल्या पायरीपासून नीट पाहावं. १९९४ मध्ये तो सैन्याच्या दारात गेला आणि २००६ मध्ये त्याचा ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. मधल्या बारा वर्षांत त्याने जे केलं, त्यात करिअर निवडणाऱ्यांसाठी खरा मजकूर आहे.

कॅमेरा येण्याआधी

एडवर्ड मायकेल ग्रिल्सचा जन्म १९७४ चा. ‘बेअर’ हे थोरल्या बहिणीने ठेवलेलं लाडाचं नाव. वडील मायकेल ग्रिल्स आधी रॉयल मरीन्समध्ये होते, पुढे ब्रिटनचे खासदार झाले. इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाचं बेट आहे. तिथे वडिलांनीच त्याला कड्यावर चढायला आणि होडी हाकायला शिकवलं. शिक्षण इटन या नामांकित शाळेत झालं. शाळा संपल्यावर तो हिमालयात, सिक्कीम आणि पश्चिम बंगालच्या डोंगरांत भटकला. भारतीय सैन्यात जावं, असाही विचार त्या काळात त्याच्या मनात आला होता.

१९९४ ते १९९७ या काळात तो ब्रिटनच्या एसएएस या स्पेशल फोर्सच्या राखीव तुकडीत, २१ एसएएसमध्ये होता. नोकरी-शिक्षण सांभाळून देशसेवा करणाऱ्या नागरिकांची ही तुकडी. पण राखीव आहे म्हणून निवडीत सवलत मिळत नाही. पाठीवर जड पिशवी, हातात नकाशा आणि होकायंत्र, समोर वेल्सचे उघडेबोडके, धुक्याने भरलेले डोंगर आणि घड्याळाचं बंधन. कुणी ओरडत नाही, कुणी पाठ थोपटत नाही. ठरल्या वेळेत पोहोचला नाहीत, तर परत पाठवतात. ग्रिल्स पहिल्या प्रयत्नात बाद झाला, दुसऱ्यांदा गेला तेव्हा टिकला. तिथेच तो प्रतिकूल प्रदेशात तग धरण्याचं आणि जखमी सहकाऱ्यावर प्रथमोपचार करण्याचं तंत्र शिकला. पुढे टीव्हीवर जे दिसलं, त्याची शाळा ही होती.

झांबियातले काही सेकंद

१९९६ मध्ये झांबियात विमानातून उडी मारल्यावर त्याचं पॅराशूट फाटलं. ही उडी सुमारे १६ हजार फुटांवरून होती. मुख्य पॅराशूट तोडून राखीव पॅराशूट उघडायला हवं होतं. दुरुस्तीला वेळ आहे असं आपल्याला वाटलं आणि तिथेच चुकलं, असं त्याने स्वतः पुढे सांगितलं आहे. तो पाठीवर आदळला आणि तीन मणके मोडले. त्यानंतर वर्षभर हेडली कोर्ट या लष्करी पुनर्वसन केंद्रात ये-जा आणि उपचार चालले.

हा प्रसंग अनेक प्रेरणादायी भाषणांत ‘जिद्द’ या एका शब्दात गुंडाळला जातो, कारण त्यानंतर दोनेक वर्षांतच, १६ मे १९९८ रोजी, वयाच्या २३ व्या वर्षी तो एव्हरेस्टवर उभा होता. जिद्द होतीच. पण विद्यार्थ्यांनी यातून घ्यायचा धडा निराळा आहे. साहसाच्या क्षेत्रात नियम आधी ठरलेले असतात आणि ते त्या क्षणी, काही सेकंदांत पाळायचे असतात. राखीव पॅराशूट कधी उघडायचं, हे जमिनीवर शेकडो वेळा घोकायचं असतं. ज्याला अशी शिस्त कंटाळवाणी वाटते, त्याने हे क्षेत्र निवडू नये. आणि पालकांनो, उपचारांचा तो काळ ग्रिल्सला परवडला, कारण मागे सैन्याची यंत्रणा आणि सुस्थितीतलं घर होतं. आपल्याकडे अनेक विमा पॉलिसींत साहसी खेळांतल्या अपघाताला संरक्षणच नसतं. मुलाला कुठल्याही शिबिराला पाठवण्याआधी पॉलिसीतली ही ओळ वाचून घ्या.

एव्हरेस्टनंतरही टीव्ही नव्हता

शिखर सर झालं म्हणून दुसऱ्या दिवशी वाहिन्यांची रांग लागली नाही. त्याने पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, एका डिओडरंटच्या जाहिरातीत काम केलं. २००० मध्ये ब्रिटनभोवती जेट स्कीवरून फेरी मारली, २००३ मध्ये चार साथीदारांसह उघड्या रबरी बोटीतून उत्तर अटलांटिक महासागर ओलांडला. अशा प्रत्येक मोहिमेसाठी प्रायोजक शोधायचे, परवानग्या काढायच्या, माणसं जमवायची, हिशेब द्यायचा, आणि आल्यावर लोकांना गोष्ट सांगायची. हे कष्ट पडद्यावर दिसत नाहीत, पण या व्यवसायाचा निम्मा भाग हाच आहे.

मराठी पालकांना एक गोष्ट विशेष सांगायची आहे. या सगळ्या धावपळीत त्याने पदवी सोडली नाही. लंडन विद्यापीठाच्या बर्कबेक कॉलेजमध्ये, म्हणजे दिवसा काम करणाऱ्यांसाठी संध्याकाळी वर्ग भरवणाऱ्या संस्थेत, स्पॅनिश भाषा-संस्कृतीचा अभ्यास करून तो २००२ मध्ये पदवीधर झाला. एव्हरेस्ट आधी, पदवी नंतर. पुढे २००५ मध्ये फ्रेंच फॉरेन लीजनच्या प्रशिक्षणावरचा कार्यक्रम त्याला मिळाला आणि २००६ मध्ये ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’.

पडद्यामागचं काम

२००७ मध्ये या कार्यक्रमावर टीका झाली. जंगलात एकट्याने रात्र काढल्याचा भास निर्माण केला, प्रत्यक्षात काही रात्री हॉटेलात मुक्काम होता, असा आक्षेप होता. त्यानंतर काही प्रसंग मुद्दाम घडवून दाखवले जातात, याची स्पष्ट सूचना कार्यक्रमात येऊ लागली. मुलांना हे जरूर सांगा. त्यांच्या नायकाला कमी लेखण्यासाठी नव्हे. टीव्ही हे सांघिक काम आहे, हे कळावं म्हणून. २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी त्याच्यासोबत जिम कॉर्बेटच्या जंगलात दिसले, तेव्हा पडद्यावर दोघे होते. पण असा प्रत्येक भाग कॅमेरामन, ध्वनिमुद्रक, सुरक्षातज्ज्ञ, वैद्यकीय मदतनीस, जागा हेरणारे, संशोधक आणि संकलक यांच्या जिवावर उभा राहतो.

जगात बेअर ग्रिल्स एक असतो. या पथकांतली कामं मात्र खूप आहेत. ज्याला डोंगर आणि कॅमेरा दोन्ही आवडतात, त्याने छायाचित्रण किंवा संकलन रीतसर शिकावं आणि सोबत गिर्यारोहणाचा कोर्स करावा. दोरावर लटकून स्थिर चित्रण करणारा माणूस सहजासहजी मिळत नाही. पावसाळ्यात निसरड्या कड्याच्या टोकावर उभं राहून रील काढण्याला मात्र या व्यवसायात काडीची किंमत नाही. त्यात फक्त जीव जातो.

आपल्याकडची वाट : सैन्य

स्पेशल फोर्सेसचा फॉर्म बारावीनंतर भरता येतो, असा मुलांचा गैरसमज असतो. लष्कराच्या पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये जायचं तर आधी सैनिक किंवा अधिकारी व्हावं लागतं, मग स्वेच्छेने नाव द्यावं लागतं आणि काही महिन्यांच्या खडतर प्रोबेशनमध्ये टिकावं लागतं. बहुतेक जण तिथून परत जातात. त्यात कमीपणा नाही, त्यांची सैन्यातली नोकरी कायम असते.

अधिकारी होण्याचे मार्ग ठरलेले आहेत. बारावीनंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हणजे एनडीए. यूपीएससीची ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, प्रवेशाचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि तेवढ्याच गुणांची पाच दिवस चालणारी एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची मुलाखत. २०२२ पासून मुलींनाही इथे प्रवेश आहे. तयारीसाठी साताऱ्याची सैनिक शाळा आहे, १९६१ मध्ये सुरू झालेली देशातली पहिली. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे आणि मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था आहे. पदवीनंतर सीडीएस ही यूपीएससीचीच परीक्षा. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलेल्या पदवीधरांना लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला जाता येतं. अग्निवीर हा चार वर्षांचा मार्ग असून त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. उरलेल्यांनी चार वर्षांनंतर काय करायचं, हे भरतीआधीच ठरवावं. ग्रिल्स ज्या प्रकारच्या सेवेत होता, तिला आपल्याकडे सर्वांत जवळची प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या १८ ते ४२ वयाच्या पदवीधराला तिथे अधिकारी म्हणून अर्ज करता येतो.

आणि हे काम टीव्हीसाठी नसतं. सातारा सैनिक शाळेत शिकलेले, २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये सेवा केलेले कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पुढे प्रशिक्षण पूर्ण करून २०१७ मध्ये सैन्यात अधिकारीपद मिळवलं. या वाटेवर जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक घराने हे दोन्ही प्रसंग समोर ठेवून शांतपणे बोलावं.

आपल्याकडची वाट : डोंगर

ग्रिल्सने एव्हरेस्ट गाठलं, त्याच १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण हे एव्हरेस्ट सर करणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ने एव्हरेस्टची मोठी नागरी मोहीम यशस्वी केली. म्हणजे वाट मळलेली आहे.

शिक्षणाची सुरुवात बेसिक कोर्सने होते. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची. मनालीलाही अशी संस्था आहे. कोर्स सुमारे चार आठवड्यांचा. उत्तरकाशीला आधी तेखलाच्या खडकांवर दोराच्या गाठी, चढाई आणि रॅपलिंग, मग पाठीवर सामान घेऊन डोक्रियानी बामक हिमनदीकडे चाल, आणि तिथे बुटांना क्रॅम्पॉन बांधून, हातात आइस अ‍ॅक्स घेऊन बर्फावरची चढाई. गाठ चुकली की प्रशिक्षक ती सोडायला लावतो आणि पुन्हा बांधायला लावतो. शेवटी श्रेणी मिळते. ‘ए’ श्रेणी असेल तरच अ‍ॅडव्हान्स कोर्सला प्रवेश. त्यापुढे शोध-बचाव आणि प्रशिक्षक होण्याचे कोर्स आहेत. जागा आधीच भरतात, म्हणून नोंदणी लवकर करावी.

यातून कामं मिळतात ती साहसी पर्यटनात, शाळांच्या शिबिरांत, बचाव पथकांत, कंपन्यांच्या मैदानी प्रशिक्षणात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणून अशा संस्थांना नोंदणी बंधनकारक केली; त्यामुळे प्रमाणपत्र असलेल्या प्रशिक्षकांची गरज वाढली आहे. उत्पन्न मात्र हंगामी असतं. म्हणून जोडीला पदवी किंवा दुसरं कौशल्य हवंच. फिजिओथेरपी, आपत्कालीन वैद्यकीय सेवा, क्रीडा मानसशास्त्र, पर्यटन व्यवस्थापन, पत्रकारिता ही त्यातली उपयोगी नावं.

पालकांसाठी

मुलाला ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगण्याआधी त्याला चार गोष्टी विचारा. रोज पहाटे उठून पळायची तयारी आहे का? सह्याद्रीतल्या एखाद्या जाणत्या संस्थेसोबत वर्षभर ट्रेक करशील का, फक्त एकदा फोटोपुरतं नाही? प्रथमोपचाराचा कोर्स करशील का? अभ्यास सुटणार नाही, याची हमी देतोस का? चारही गोष्टी त्याने वर्षभर पाळल्या, तर ओढ खरी आहे असं समजा आणि पुढच्या पायरीला पाठबळ द्या. दोन महिन्यांत उत्साह मावळला, तरी नुकसान काही नाही. पोर तंदुरुस्त झालं आणि प्रथमोपचार शिकलं. प्रवेशाच्या अटी आणि वयोमर्यादा बदलत असतात, त्या नेहमी अधिकृत जाहिरातीत पाहा. खात्रीशीर भरतीचं आमिष दाखवून लाखो रुपये मागणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

विद्यार्थ्यांसाठी

आठवी-नववीत असाल तर स्काउट-गाइड किंवा शाळेची एनसीसी. ग्रिल्स स्वतः २००९ पासून २०२४ पर्यंत ब्रिटनचा चीफ स्काउट होता, त्यालाही या पायाचं महत्त्व ठाऊक आहे. अकरावी-बारावीत एनडीएचा अभ्यास आणि व्यायाम. एनडीएतून हवाई दल किंवा नौदल हवं असेल तर गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सोडू नका. बारावीनंतरच्या सुट्टीत बेसिक कोर्स. पदवीच्या वर्षांत एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र, अ‍ॅडव्हान्स कोर्स आणि आपल्या प्रवासाबद्दल मराठीत, हिंदीत, इंग्रजीत बोलण्याचा, लिहिण्याचा सराव.

या यादीतली कुठलीही पायरी वाया जात नाही, म्हणून ही स्वप्नं घाबरण्यासारखी नाहीत. टीव्हीचं बोलावणं येईल की नाही, हे कुणाच्याच हाती नाही. सैनिक, प्रशिक्षक, बचावकर्ता किंवा कुशल छायाचित्रकार होणं मात्र बऱ्याच अंशी तुमच्या मेहनतीवर आहे. कॉलेज सुरू झालं की पहिल्या काही आठवड्यांतच एनसीसीची निवड होते. यंदा ती तारीख चुकवू नका.