उपचाराची शिस्त आणि विम्याचा पैसा

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या परिसरातील काही खेड्यांमध्ये सुगीच्या दिवसांत एक आगळी वर्गणी गोळा होत असे. ती रोख रकमेत नसून ज्वारीच्या रूपात असे. भूमिहीन मजुराने थोडी ज्वारी द्यावी, जमीनधारकाने आपल्या एकरांच्या मानाने अधिक द्यावी आणि त्या धान्यातून उभ्या राहिलेल्या निधीच्या आधारे गावाला कस्तुरबा रुग्णालयाची सेवा मिळावी, अशी ती योजना होती. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास रुजविलेल्या या प्रयोगाला लोक 'जवार योजना' म्हणून ओळखू लागले.

आज राज्यातील आरोग्य विम्याचा व्याप फार मोठा झाला आहे. तथापि त्याच्या खर्चाचा प्रश्न समजून घ्यावयाचा असेल, तर या ज्वारीच्या कोठारापासून आरंभ करणे सोयीचे ठरते. कोठार लहान असले म्हणजे त्यातून काय जाते ते सर्वांना दिसते.

कोठार रिते का होते?

जवार योजनेच्या नियमांत दोन गोष्टी विशेष लक्ष वेधून घेतात. पहिली, गावातील किमान 75 टक्के कुटुंबे सहभागी झाल्याखेरीज त्या गावात योजना लागू होत नसे. केवळ आजारी माणसेच वर्गणी देऊ लागली तर निधी वर्षभरही पुरणार नाही, हे त्यामागील कारण होते. दुसरी, अकस्मात उद्भवलेल्या आजारासाठी रुग्णालयातील उपचार विनामूल्य असत. परंतु नेहमीचे बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या आधी कल्पना असलेल्या उपचारांसाठी बिलाचा चौथा हिस्सा रुग्णाला भरावा लागे. गावपातळीवर आरोग्य सेवक किरकोळ आजारांवर औषध देई व गरज असेल त्यालाच पुढे पाठवी.

म्हणजे कोणाला, केव्हा आणि कोणता उपचार द्यावयाचा याची शिस्त या योजनेत प्रारंभापासूनच होती. विम्याचा खर्च वर्गणीच्या रकमेपेक्षाही या शिस्तीवर अधिक अवलंबून असतो, हा त्या प्रयोगाचा धडा आहे.

राज्याची योजना आणि ठराविक रक्कम

महाराष्ट्र शासनाने 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू केली. वर्धा जिल्ह्याचा समावेश नोव्हेंबर 2013 मध्ये, योजना राज्यभर लागू झाली तेव्हा झाला. त्या वेळी 971 उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण होते. 2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. पुढे केंद्र शासनाच्या 2018 मधील प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी तिची सांगड घालण्यात आली व संरक्षणाची मर्यादा पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली.

या योजनेत प्रत्येक उपचारासाठी एक ठराविक रक्कम, म्हणजेच 'पॅकेज', निश्चित केलेले असते. तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, खाट व भोजन यांचा खर्च त्यातच धरलेला असतो. यामुळे बिल फुगविण्यास आळा बसतो. परंतु केवळ दर ठरवून दिल्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत. ठराविक रकमेत दोन मोह दडलेले असतात. एक, ज्याला शस्त्रक्रियेची गरज नाही त्याच्यावरही ती करण्याचा. आणि दुसरा, ज्याला गरज आहे त्याच्या उपचारात काटकसर करून त्याला लवकर घरी धाडण्याचा. पहिल्याने निधी रिता होतो, दुसऱ्याने रुग्णाचे नुकसान होते. या दोन्ही मोहांवर उपाय म्हणून उपचार मार्गदर्शिकांचा विचार करावा लागतो.

मार्गदर्शिका म्हणजे काय?

विशिष्ट आजाराची कोणती लक्षणे पाहावीत, कोणती तपासणी आधी करावी, कोणते औषध प्रथम द्यावे, शस्त्रक्रिया केव्हा करावी व केव्हा करू नये, याची अनुभव आणि संशोधन यांच्या आधारे तज्ज्ञांनी घालून दिलेली रीत म्हणजे उपचार मार्गदर्शिका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनेक आजारांसाठी अशा मार्गदर्शिका तयार केल्या आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2019 पासून भिंतीवर लावता येतील असे एका पानाचे उपचार-तक्ते प्रसिद्ध केले आहेत.

वर्ध्याच्या शेतकऱ्याला सहज समजेल असे उदाहरण सर्पदंशाचे आहे. पावसाळ्यात कपाशी व सोयाबीनच्या शेतात सर्पदंशाच्या घटना घडतात. प्रत्येक दंश विषारी सापाचा नसतो आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी शरीरात विष उतरतेच असे नाही. सर्पविषावरील लस मोलाची असते. तिची तीव्र प्रतिक्रियाही येऊ शकते. म्हणून दंश झालेल्या प्रत्येकाला सरसकट लस देऊ नये, विषबाधेची चिन्हे दिसल्यास मात्र क्षणाचाही विलंब न लावता द्यावी, असे राष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. ही चिन्हे ओळखण्याची एक रीत अगदी साधी आहे. रुग्णाचे थोडे ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलविता ठेवावयाचे. ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्तावर परिणाम केला आहे असे समजावयाचे. नाग व मण्यार यांच्या दंशात पापण्या जड होणे, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होणे ही लक्षणे पाहावयाची. चिन्हे नसली तरी रुग्णाला लगेच घरी न पाठविता 24 तास देखरेखीखाली ठेवावयाचे.

या तपासणीला काचेची एक नळी आणि घड्याळ एवढेच साहित्य लागते. तिच्यामुळे अनावश्यक लस वाचते आणि खऱ्या रुग्णासाठी ती शिल्लक राहते. येथे काटकसर आणि उत्तम उपचार या दोन्ही गोष्टी एकाच रीतीने साध्य होतात. मात्र हा निर्णय रुग्णालयातच व्हावयाचा असतो. दंश झालेल्या प्रत्येक व्यक्तीला मांत्रिकाकडे न नेता तत्काळ रुग्णालयात पोहोचविणे हे गावाचे कर्तव्य आहे.

शिस्त नसेल तर

मार्गदर्शिकेकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे वेदनादायक उदाहरण गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे आहे. 2012 च्या सुमारास बिहार व छत्तीसगड या राज्यांत त्या वेळच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेतून अशा अनावश्यक शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. आपल्या राज्यात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न 2019 मध्ये चौकशी समितीपुढे आला. पाहणी केलेल्या 82 हजारांहून अधिक स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. तेथे विम्यापेक्षा मजुरीची सक्ती व अज्ञान ही कारणे अधिक ठळक होती. तथापि उपचाराची पायरी ओलांडली गेली की काय होते, ते दोन्हीकडे सारखेच दिसले.

अधिक रक्तस्राव होत असेल तर प्रथम तपासणी, मग औषधे आणि ती निरुपयोगी ठरल्यावरच शस्त्रक्रिया, असा मार्गदर्शिकेचा क्रम आहे. कमी वयात गर्भाशयासोबत अंडाशयही काढल्यास हाडे ठिसूळ होणे व हृदयविकार यांचा धोका वाढतो. केंद्र शासनाने 2022 मध्ये या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये त्यांचा अवलंब करण्याचे निर्देश राज्यांना दिले.

हृदयाच्या स्टेंटची गोष्टही बोधप्रद आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र शासनाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली व त्या पुष्कळ उतरल्या. परंतु किंमत उतरली तरी स्टेंट बसवावा की नाही, हा प्रश्न उरतोच. अमेरिका व कॅनडामधील 2,287 रुग्णांवरील 2007 च्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांचे छातीचे दुखणे स्थिर स्वरूपाचे आहे अशा रुग्णांत योग्य औषधांच्या जोडीला स्टेंट बसविल्याने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांचे प्रमाण कमी झाले नाही. याउलट तीव्र झटका आलेल्या रुग्णाला वेळेवर बसविलेला स्टेंट जीवदान देतो. वस्तू तीच, किंमतही तीच. एका ठिकाणी खर्च सार्थकी लागतो, दुसऱ्या ठिकाणी तो टाळता आला असता.

नियम आणि रुग्ण

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. मार्गदर्शिका ही दावा नाकारण्याची छडी होता कामा नये. एकाच रुग्णाला मधुमेह, क्षयरोग व मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. वृद्धेला घरी सांभाळणारे कोणी नसू शकते. अशा वेळी डॉक्टरांना नियमाबाहेर जाण्याची मुभा असली पाहिजे आणि त्यांनी त्याचे कारण कागदावर नोंदविले पाहिजे. आपत्कालीन रुग्णाचा उपचार मंजुरीच्या कागदासाठी थांबता कामा नये. दावा तपासणाऱ्याने केवळ कागदाचा तुकडा नाही म्हणून नकार देणे आणि उपचाराची गरजच नव्हती म्हणून नकार देणे, यांतील भेद जाणला पाहिजे. तसेच शास्त्र पुढे जाते, म्हणून मार्गदर्शिकाही वेळोवेळी सुधारल्या पाहिजेत.

गावाने काय करावे?

हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांना त्यात पुष्कळ करता येण्याजोगे आहे. योजनेत कोणते उपचार बसतात व कोणती कागदपत्रे लागतात, याचे वाचन ग्रामसभेत व्हावे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटण्याची सवय लोकांना लावावी. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास, 'ही आताच करणे आवश्यक आहे काय? औषधाने भागेल काय?' हे दोन प्रश्न नम्रपणे पण निःसंकोचपणे विचारावेत व तातडी नसेल तेव्हा शासकीय रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी पैसे मागितल्यास तक्रार नोंदवावी. रुग्णालयातून मिळालेले कागद घरी जपून ठेवावेत.

जवार योजनेत ज्वारी देणाऱ्याला ठाऊक असे की, कोठारातील धान्य आपल्याच शेतातले आहे. राज्याच्या विमा योजनेचा निधीही जनतेच्याच करातून उभा राहतो; तो दुरून येतो म्हणून परका वाटतो, एवढेच. ज्याला उपचाराची खरी गरज आहे त्याची पाळी येईल तेव्हा हे कोठार भरलेले असावे, यासाठीच उपचाराच्या शिस्तीचा हा सारा खटाटोप आहे.