दुसरी वाट : बँकेच्या संगणकीय साठवणुकीतील केबल-जोडणी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीस यांनी सिद्ध केलेला हा लेख १८०३ सालचा. त्याच नगरातील सरस्वती महाल ग्रंथालयात तंजावरच्या मराठी राजवटीचे मोडी कागद जतन केलेले आहेत. कागदाला वाळवी, ओल आणि आग यांचे भय असते. दगडाला वाळवी लागत नाही. पहिल्या साधनाला ज्या कारणाने इजा होईल, त्या कारणापासून दुसरे मुक्त असले, तरच त्या दुसऱ्याला अर्थ असतो. बँकेच्या संगणकीय साठवणुकीची मांडणी याच विचारावर उभी आहे.

पूर्वी प्रत्येक शाखेची खातेवही शाखेतच असे. एखादी वही भिजली, तर अडचण त्या शाखेपुरती. कोअर बँकिंगनंतर तंजावरच्या शाखेत भरलेल्या रकमेची नोंद दूरच्या माहिती केंद्रातील डिस्कवर होते. तेथील एक दोष सर्व शाखांचे व्यवहार थांबवू शकतो. म्हणून तेथे डिस्कचा कारभार पाहणारे कंट्रोलर जोडीने बसवितात. एक बंद पडला, की दुसरा त्याच्या डिस्क आपल्याकडे घेतो.

परंतु दोन कंट्रोलर विकत घेतल्याने हे आपोआप घडत नाही. खरी मेख केबल जोडण्यात आहे. अनेक डिस्क एकत्र ठेवणाऱ्या प्रत्येक शेल्फला सामान्यतः दोन मॉड्यूल असतात. त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. शेल्फ एकाखाली एक रचून सर्व ‘अ’ मॉड्यूलांची एक साखळी आणि ‘ब’ मॉड्यूलांची दुसरी साखळी करतात. पहिल्या कंट्रोलरची एक केबल ‘अ’ साखळीच्या वरच्या टोकाला आणि दुसरी ‘ब’ साखळीच्या खालच्या टोकाला जाते. दुसऱ्या कंट्रोलरची जोडणी नेमकी उलट : ‘ब’ला वरून, ‘अ’ला खालून. त्यामुळे मधले एखादे शेल्फ निकामी झाले, तरी त्याच्या वरचे आणि खालचे शेल्फ दोन्ही कंट्रोलरांच्या आवाक्यात राहतात.

कंट्रोलरांच्या दरम्यानही थेट जोडणी असते. ती केवळ परस्परांची हालहवाल विचारण्यासाठी नसते. ग्राहकाला पावती मिळते, तेव्हा त्याची नोंद कधी कधी अजून डिस्कवर उतरलेली नसते. ती कंट्रोलरच्या स्मृतीत असते. तीच नोंद या जोडणीवरून जोडीदाराच्या स्मृतीतही ठेवली जाते. ही तरतूद नसती, तर कंट्रोलर बंद पडण्याच्या क्षणी भरलेले पैसे पावतीवर राहिले असते, खात्यात नव्हे.

अनेक जोड्यांचा समूह असेल, तर प्रत्येक कंट्रोलरची एकेक केबल दोन वेगळ्या स्विचना द्यावी लागते. विजेचेही तसेच : दोन पुरवठे दोन स्वतंत्र यूपीएसवरून. एकाच यूपीएसमध्ये खोचलेले दोन प्लग हा शुद्ध देखावा होय.

असाच देखावा केबलींतही होतो. एका कंट्रोलरच्या दोन्ही केबली एकाच कार्डाच्या दोन पोर्टांतून काढल्या, तर डोळ्यांना दोन वाटा दिसतात. कार्ड जळले, की दोन्ही बंद. हा दोष एरवी कामात मुळीच जाणवत नाही, आणि तेच त्याचे घातकपण. म्हणून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी आणि नियोजित देखभालीच्या वेळी एकेक केबल मुद्दाम काढून पाहावी. कारभार एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे देऊन परतही घ्यावा. दोन्ही कंट्रोलर रोज निम्म्याहून अधिक भाराने चालत असतील, तर एकट्यावर सारे आल्यावर यंत्रणा मंदावेल. दोन रोखपालांपैकी एक रजेवर गेला, की काउंटरवर काय होते, हे शाखेत सर्वांना ठाऊक आहे!

अर्थात या जोडणीने यंत्राचा दोष सावरतो, माणसाचा नाही. चुकीने पुसलेली नोंद दोन्ही वाटांनी तितक्याच इमानाने पुसली जाते; तिच्यासाठी स्वतंत्र बॅकअप लागतो. शिवाय तंजावरचा दगड आणि कागद दोन्ही एकाच नगरात आहेत. बँका मात्र आपले दुसरे माहिती केंद्र दूर, शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात ठेवतात. एवढ्या अंतरावर प्रत्येक नोंद तत्क्षणी पोहोचेपर्यंत थांबणे परवडत नाही, म्हणून तेथील प्रत मूळ नोंदींच्या थोडी मागे असते. ती किती मागे राहिलेली चालेल, हे बँकेला आधीच ठरवावे लागते.