टर्कीच्या खिम्याचे रसाळ बर्गर

टर्की पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेंतील. तिकडे त्याच्या खिम्याची चपटी वडी निखाऱ्यावर भाजून पावांत घालून खातात. तीस टर्की बर्गर म्हणतात. छातीच्या मांसांत चरबी फार थोडी असल्यामुळें ही वडी लवकर कोरडी पडते व ती अर्धकच्ची उतरविण्याचा मोह होतो. तो धोक्याचा आहे. कारण मांसावरील रोगजंतु खिमा करतांना आंतपर्यंत मिसळतात.

ओलावा अन्य उपायांनीं राखावा. खिमा अर्धा किलो, शक्यतों मांडीच्या मांसाचा घ्यावा. त्यांत दुधांत भिजविलेला पावाचा तुकडा, किसलेला लहान कांदा व मिरपूड घालून हलक्या हातानें कालवावें. फार मळल्यास वडी चिवट होते. चार वड्या थापून प्रत्येकीच्या मध्यभागीं अंगठ्यानें खळगा करावा, म्हणजे ती फुगत नाहीं. मीठ भाजण्याच्या वेळींच लावावें.

जाळीवर तेलाचा हात फिरवून मध्यम निखाऱ्यावर प्रत्येक बाजू पांच-सहा मिनिटें भाजावी. वडी उलथन्यानें दाबूं नये. रस गळून जातो. रंगावर न विसंबतां उष्णतामापक मध्यापर्यंत खुपसावा व ७४ अंश सेल्सिअस भरतांच वडी उतरावी. त्याहून अधिक भाजल्यानें केवळ रस मात्र आटतो.