शेताचा कोपरा कोणाचा?

वाचन : लेवीय २३:१५-२२, रूथ २, मत्तय १३:२४-३०, ३६-४३



पवित्र शास्त्र शेतकऱ्यांच्या व मेंढपाळांच्या जीवनात रुजलेले आहे. खळे, सूप, पेंढी, सरवा, निदण हे शब्द आपल्या मराठी शास्त्रात ठिकठिकाणी भेटतात. भाषांतरकार योग्य शब्द शोधतो. परंतु ज्या मुलाने खळे कधी पाहिलेच नाही, त्याच्यापुढे तो शब्द मुकाच राहतो. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथे वाढणाऱ्या आपल्या पुष्कळ मुलांना गहू केवळ पिठाच्या पिशवीतून ठाऊक आहे. म्हणून शब्बाथ शाळेने त्यांना शेतात न्यावे, हे उघडच आहे. मात्र तेथे त्यांना काय दाखवावे, याचा आपण आधी विचार करू.

शेत फार दूर नाही. नजफगड, झज्जर, सोनीपत, बागपत या भागांत नोव्हेंबरच्या सुमारास पेरलेला गहू एप्रिलमध्ये, म्हणजे बहुधा पुनरुत्थानाच्या सणाच्या आगेमागे, कापणीस येतो.

१. निदण

हरियाणात गव्हामध्ये मंडूसी नावाचे तण माजते. पंजाबात त्याला गुल्ली-डंडा म्हणतात. कोवळेपणी ते गव्हासारखेच दिसते; ओंब्या बाहेर पडल्या म्हणजे भेद स्पष्ट होतो. प्रभूच्या दाखल्यातील निदण वेगळ्या जातीचे असले, तरी त्याची लबाडी हीच होती. मुले विचारतील, "येथील शेतकरी तण उपटतो, औषधही फवारतो, मग त्या धन्याने दासांना का अडविले?" प्रश्न योग्य आहे. हा दाखला शेतीचा सल्ला देत नाही. शेत हे जग आहे आणि कापणारे देवदूत आहेत, असे प्रभूनेच उलगडून सांगितले. माणसांची निवड करण्याचे काम आपल्याकडे सोपविलेले नाही. वर्गातील खोडकर मुलाला निदण ठरवून मोकळे होणाऱ्या शिक्षकानेही हे ध्यानात घ्यावे.

२. सरवा

लेवीय २३ हा सणांचा अध्याय आहे. सप्ताहांच्या सणाचे, म्हणजे पेंटेकॉस्टचे, नियम सांगून होताच बाविसाव्या वचनात अचानक शेताचा कोपरा येतो : तो कापू नये, पडलेला सरवा वेचू नये, ते गरिबाचे व उपऱ्याचे आहे. ही आज्ञा येथे चुकून आलेली नाही. गरिबाचा वाटा राखल्यावाचून सण पूर्ण होत नाही, हेच ती शिकविते.

सरवा ही भीक नव्हती. धनी तो वाटीत नसे. गरिबाने स्वतः वाकून वेचावा, झोडावा आणि आपल्या कष्टाचे म्हणून घरी न्यावा, अशी ती व्यवस्था होती. रूथने संध्याकाळपर्यंत वेचून झोडले, तेव्हा सुमारे एक एफा सातू भरले. आजच्या मापाने हे अंदाजे २२ लीटर होते. बवाज तर नियमाच्याही पुढे गेला. पेंढ्यांतून मुद्दाम काही टाकून ठेवण्यास त्याने गड्यांना सांगितले.

३. उपरी

रूथ मवाबी होती, परकी होती. आज दिल्लीभोवतीच्या शेतांत राबणारे मजूर पुष्कळदा बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले असतात. त्यांची मुले बांधावर बसून आपल्या सहलीकडे पाहत राहतील आणि आपली मुले गव्हात छायाचित्रे काढून परततील, तर देखावा पाहिला जाईल, शास्त्र मात्र उघडले जाणार नाही. आणि दिल्लीत आपण मराठी माणसे तरी कोण? उपरीच. उपऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसरात उपरी होता, हे लेवीय १९:३४ चे सांगणे आपल्याला अधिक लवकर समजावयास हवे.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचविलेल्या मुलींना शेतीचे व छपाईचे काम शिकविले. त्यांनी केलेले संपूर्ण मराठी शास्त्र १९२४ साली तेथेच छापले गेले. धान्य हाताळणारे हात आणि वचन हाताळणारे हात तेथे निराळे नव्हते.

म्हणून सहलीची आखणी अशी करावी : एखाद्या शेतकऱ्याला विनंती करून, यंत्राऐवजी विळ्याने कापावयाचा लहानसा तुकडा पाहावा, मुलांनी मूठभर ओंब्या चोळून सुपात पाखडाव्या, म्हणजे मत्तय ३:१२ त्यांना डोळ्यांनी वाचता येईल, मजुरांच्या मुलांना त्याच पंगतीत बसवावे, आणि परतण्यापूर्वी रूथचा दुसरा अध्याय तेथेच वाचावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरखर्चात, वेळेत व मंडळीच्या अंदाजपत्रकात न कापलेला कोपरा कोणता?
२. तो कोपरा आपण घेणाऱ्याची मान खाली न जाऊ देता ठेवतो काय?
३. आपल्या मंडळीच्या मागील सणात उपऱ्याला स्थान होते काय?