वेदनाशामक मलम : उपयोग आणि दक्षता

सुगीची धांदल सुरू झाली की कंबर, खांदे आणि गुडघे दुखू लागतात. ओल्या बांधावरून घसरून एखाद्याचा पाय मुरगळतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून, बहुधा डॉक्टरांना न विचारताच, वेदनाशामक जेलची ट्यूब आणली जाते. बाहेरून लावायचे मलम, त्यात अपाय तो कसला, असा सर्वसाधारण समज आहे. तो दूर होणे आवश्यक आहे.

मलमाचे कार्य

अशा अनेक मलमांत डायक्लोफिनॅक हे दाहशामक द्रव्य असते. इजा झालेल्या भागात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे सूज व ठणका वाढतो. डायक्लोफिनॅक त्यांच्या निर्मितीला आळा घालते. गोळीच्या मानाने मलमातून रक्तात जाणारे औषध पुष्कळच कमी, सुमारे ६ टक्के असते. म्हणूनच पोटाला त्रास होण्याचा संभव कमी असतो. परंतु कमी म्हणजे मुळीच नाही, असे नव्हे.

लावण्याची रीत

दुखरा भाग स्वच्छ धुऊन कोरडा करावा. सुपारीएवढे मलम घेऊन हलक्या हाताने त्याचा पातळ थर द्यावा. दिवसातून किती वेळा लावावे, हे वेष्टनावर पाहावे. अधिक लावल्याने गुण लवकर येत नाही. जखम, भाजलेली किंवा इसब झालेली त्वचा, डोळे आणि तोंड यांना मलमाचा स्पर्श होऊ देऊ नये. लावल्यावर हात धुवावेत. हातालाच लावले असल्यास काही वेळ थांबून धुवावेत. त्यावर घट्ट पट्टी बांधू नये, शेक घेऊ नये. लावलेला भाग उन्हापासून झाकावा. मलम मुरलेले कापड चूल व विडीपासून दूर ठेवावे.

कोणी जपावे

ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळीने ज्यांना दमा लागतो वा अंगावर पित्त उठते, त्यांनी हे मलम वापरू नये. गर्भवती स्त्रियांनी, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ते टाळावे. १४ वर्षांखालील मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लावू नये. शिक्षकांनी याची नोंद घ्यावी. जठरव्रण, मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असलेल्यांनी, तसेच रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी प्रथम डॉक्टरांना विचारावे. मलमासोबत याच वर्गातील गोळ्या परस्पर घेऊ नयेत.

हे मलम गुराढोरांसाठी नाही. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने मेल्यामुळे २००६ साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. बैलाचा खांदा सुजल्यास पशुवैद्यकांनाच दाखवावे.

दवाखाना केव्हा गाठावा

पुरळ उठल्यास मलम तत्काळ थांबवावे. सात दिवसांत आराम न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. अवयव वाकडा दिसणे, पायावर भार न पेलणे, तापासह सांधा लाल होऊन सुजणे ही लक्षणे दिसल्यास वाट पाहू नये. छातीत दुखत असेल, कळ डाव्या हातात वा जबड्यात जात असेल, दरदरून घाम सुटला असेल, तर मलम चोळण्यात घालविलेला प्रत्येक क्षण प्राणावर बेतू शकतो. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीतील ट्यूबची मुदत शिक्षकांनी वेळोवेळी तपासावी. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही माहिती वाचून दाखवावी. वेष्टनावरील बारीक अक्षरे ज्यांना वाचता येत नाहीत, त्यांच्यापर्यंत ती पोहोचविणे हे साक्षर शेजाऱ्याचे कर्तव्य होय.