शंभरीपार युरो आणि पठारावरचा खिसा

मी सातगाव पठारावरचा, पेठचा. घरची शेती बटाट्याची. नेदरलँड्समधून बटाट्याचं बियाणं जगभर जातं, ते कसं पिकवतात हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. त्याला जोडून जर्मनी, चेक प्रजासत्ताक आणि स्वित्झर्लंड केलं. २०२५ मध्ये युरो शंभर रुपयांच्या वर गेला, डिसेंबरात डॉलरनं नव्वदी ओलांडली. आई म्हणाली, "आरं, एवढ्या पैशात दुसरी बोअर पडली आसती." तिचं म्हणणं खरंच होतं, म्हणून पै न् पै जपून वापरली. दर आपल्या हातात नसतो. दर आणि खिसा यांच्यामध्ये जी गळती होते, ती मात्र बरीचशी थांबवता येते.

१. एका व्हिसात जास्तीत जास्त देश बसवा. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. पण त्याच व्हिसावर २९ देश फिरता येतात. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, तरी शेंगेनमध्ये आहे. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत, म्हणून ते यादीतून काढले. सोबत किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

२. आयकर विवरणपत्र भरत चला, शेतकरी असलात तरी. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आपल्याकडे पुष्कळ जण ते भरत नाहीत. व्हिसासाठी उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो, तिथं सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्यांबरोबर विवरणपत्र असलं की बाजू भक्कम होते. दुसरं कारण पैशाचं. टूर पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आगाऊ कर, कापतात. विवरणपत्र भरलं तर तो परत मिळतो किंवा करात वळता होतो. नाही भरलं तर आपलेच पैसे सरकारकडे पडून राहतात.

३. सगळं चलन एकाच दिवशी घेऊ नका. पठारावर चिप्सच्या बटाट्याचा करार लागणीआधी होतो. पुढं बाजार चढला तर चुटपुट लागते, पडला तर झोप लागते. म्हणून शहाणा माणूस थोडं क्षेत्र करारात घालतो, थोडं मोकळं ठेवतो. युरोचं तसंच केलं. तिकिटं आणि राहण्याचे पैसे आधी भरले, फॉरेक्स कार्डात युरो टप्प्याटप्प्यानं घातले.

४. यंत्रानं "रुपयांत की युरोत?" असं विचारलं, तर युरो म्हणा. सगळ्यांत मोठी गळती इथंच आहे. कार्ड भारतातलं आहे हे दुकानातल्या यंत्राला किंवा एटीएमला कळतं आणि पडद्यावर रुपयांतला आकडा झळकतो. ओळखीचा आकडा बघून जीव भांड्यात पडतो, पण त्या दरात यंत्र चालवणाऱ्यांचा नफा आधीच मिसळलेला असतो. प्रागमध्ये तर एटीएमवर नकाराचं बटण शोधावं लागलं. चेक प्रजासत्ताकात कोरुना चालतो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. युरोचं कार्ड तिथं वापरलं की पुन्हा चलन बदलतं आणि पुन्हा शुल्क लागतं. म्हणून विनिमय-शुल्क नसलेलं वेगळं कार्ड त्या दोन देशांसाठी ठेवलं. पैसे जितक्या वेळा रूप बदलतात, तितक्या वेळा कोणीतरी त्यातलं काढून घेतं.

५. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी सोबत होती. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणून पेढे घरीच ठेवले. तिथल्या सुपरमार्केटात बटाटे घेतले, उकडून मेतकूट लावून खाल्ले. पाणी नळाचं प्यायलो. जर्मनीत पाण्याच्या बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते. बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की अनामत मिळते.

६. प्रत्येक किमतीला शंभरनं गुणत बसू नका. रोजचा आकडा घरीच युरोत ठरवा, तिथं फक्त त्याच्या आत राहा. कॉफीच्या कपालाही गुणाकार केला तर माणूस चार देश फिरून काहीच बघत नाही. आणि ज्यासाठी गेलात, तिथं हात आखडू नका. नेदरलँड्समधल्या एमेलोर्डच्या परिसरात बियाण्याची शेतं बघायला गाडी आणि दुभाष्या घेतला, तो दिवस सगळ्यांत महाग पडला. पण १९४२ मध्ये पाणी उपसून मोकळी केलेली ती जमीन, ओळीत काडीचा फरक नसलेलं बियाण्याचं शेत आणि रोगट झाड दिसताच मुळासकट उपटून नेणारी माणसं बघितली. बियाणं आम्ही पंजाबातून मागवतो. ते आल्यावर काय काय तपासायचं, हे मला त्या वावरात उमगलं. ही विद्या घेताना भाव बघायचा नसतो.

७. रुपया पडल्याची झळ घरी बसूनही लागते. बटाट्याला पोटॅश भरपूर लागतं आणि ते जवळजवळ सगळं परदेशातून येतं. जुन्नरचा द्राक्षबागायतदार माल युरोपात पाठवतो, त्याला तोच पडलेला रुपया चार पैसे जास्त देतो. त्यामुळं दराची बातमी मी आता बाजारभावाइतकीच लक्ष देऊन वाचतो.

८. नाणी संपवून या. परत आल्यावर नोटा बदलून मिळतात, नाणी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. उरलेल्या नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंतच्या स्वतःजवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत बँकेत द्याव्या लागतात. माझ्याकडं शेवटच्या दिवशी मूठभर सेंट उरले होते, त्यांचा विमानात खायला पाव घेतला.